आटलेल्या पाण्याची रेषा वाचणारा माणूस

उन्हाळ्यात मेहरूण तलावाचे पाणी ओसरू लागले की काठावर एकाखाली एक पट्टे दिसू लागतात. कुठे वाळलेल्या शेवाळाची कड, कुठे काडीकचऱ्याची रांग, कुठे लाटांनी खरवडून काढलेली बोटभर उंचीची पायरी. सकाळी फिरायला येणाऱ्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. पावसाळ्यात पाणी इथवर होते, होळीच्या सुमारास तिथवर, एवढे कुणीही सांगेल. पण समजा, तलाव पुरता आटला, त्यालाही हजारो वर्षे लोटली आणि इथे कधी तलाव होता हेच ठाऊक नसलेला माणूस काठावर येऊन उभा राहिला, तर? ही पायरी पाण्याने केलेली, ती जमीन खचल्याने झालेली, पलीकडची गुराढोरांच्या वाटेची, हे तो कशावरून ठरवणार?

मंगळाबाबत शास्त्रज्ञांपुढे नेमका हाच प्रश्न आहे. त्या ग्रहाच्या उत्तर गोलार्धात एक प्रचंड सखल मैदान आहे. ग्रहाचा साधारण एक तृतीयांश भाग त्याने व्यापला आहे. साडेतीन ते चार अब्ज वर्षांपूर्वी या मैदानात महासागर होता, असे काहींचे म्हणणे आहे. पुरावा म्हणून ते मैदानाच्या कडेने हजारो किलोमीटर गेलेल्या, किनाऱ्यासारख्या भासणाऱ्या रेषा दाखवतात. इतरांना त्या रेषांचा भरवसा वाटत नाही. चाळीसएक वर्षे हा वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात एका माणसाच्या कामाची सावली आहे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे त्याचे नाव. भूविज्ञान शिकणाऱ्या कुणालाही ते परिचयाचे असते. गिल्बर्ट १९१८ मध्ये वारले, म्हणजे पहिले यान मंगळाजवळून जाण्याच्या ४७ वर्षे आधी. आपल्या लोणारशीही त्यांचा एक धागा जुळतो, आणि गंमत म्हणजे तो त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत गाजलेल्या चुकीतून जुळतो.

गिल्बर्ट यांचा जन्म ६ मे १८४३ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी झाला. वडील लोकांची व्यक्तिचित्रे रंगवून संसार चालवत. मिळकत बेताची, पण घरात कोडी सोडवण्याचा आणि वाचनाचा नाद होता. मुलगा प्रकृतीने किरकोळ, स्वभावाने अबोल. गावातल्याच विद्यापीठातून १८६२ मध्ये तो पदवीधर झाला. अभ्यास मुख्यतः ग्रीक, लॅटिन आणि गणिताचा; भूविज्ञान नावापुरते. पुढे मिशिगन राज्यातल्या जॅक्सन येथे त्याने शिक्षकाची नोकरी धरली. वर्गातल्या दांडग्या मुलांपुढे त्याचा निभाव लागला नाही. थोड्याच काळात नोकरी सोडून तो घरी परतला.

मग पाच वर्षे हेन्री वॉर्ड यांच्याकडे काम मिळाले. वॉर्ड हे शाळा-कॉलेजांना आणि संग्रहालयांना दगड, हाडे, जीवाश्म पुरवण्याचा व्यवसाय करत. गिल्बर्ट नमुने निवडत, त्यांना चिठ्ठ्या लावत, खोकी भरत. १८६६ मध्ये कोहोज या गावी गिरणीच्या बांधकामात मास्टोडॉन या हत्तीसारख्या लुप्त प्राण्याचा सांगाडा सापडला, तेव्हा तो जोडण्याच्या कामावर त्यांना पाठवले गेले. हाडे ज्या खळग्यात सापडली तो नदीच्या प्रवाहाने खडकात कोरलेला होता. आपल्याकडे निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत, तशाच जातीचा. हाडांपेक्षा या खळग्यांनीच गिल्बर्ट यांचे चित्त वेधले. पाण्याने खडकावर केलेल्या खुणांवरून मागचा काळ मोजता येतो का, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला आणि पुढे आयुष्यभर तो राहिला.

१८६९ मध्ये ते ओहायो राज्याच्या भूवैज्ञानिक पाहणीत जवळजवळ बिनपगारी दाखल झाले. त्यांच्या वाट्याला आलेल्या सपाट मुलखात वाळू आणि गोट्यांच्या लांबच लांब वरंब्या होत्या. आजच्या इरी सरोवराचा विस्तार एकेकाळी फार मोठा होता आणि या वरंब्या म्हणजे त्या काळातले काठ होत. आटलेला किनारा त्यांनी नीट तपासला तो इथे पहिल्यांदा. दोन वर्षांनी लष्कराच्या एका मोहिमेबरोबर ते पश्चिमेकडे गेले. ग्रँड कॅन्यनमधून बोटी प्रवाहाविरुद्ध ओढत नेणे, दिवसाला ठरलेला पल्ला गाठणे, दगड पाहायला थांबायलाही सवड नाही, असा तो प्रकार. १८७४ मध्ये त्यांनी लष्कराचे काम सोडले आणि जॉन वेस्ली पॉवेल यांच्या पाहणीत आले. यादवी युद्धात एक हात गमावलेले पॉवेल बोलघेवडे, महत्त्वाकांक्षी, गिल्बर्ट मितभाषी. दोघांचे चांगले जमले. त्याच वर्षी गिल्बर्ट यांचे फॅनी पोर्टर यांच्याशी लग्न झाले.

पुढच्या दोन हंगामांत युटामधल्या हेन्री पर्वतावर खेचरांच्या तांड्यासह राहून त्यांनी एक छोटेखानी अहवाल लिहिला. जमिनीखालचा वितळलेला खडक वर येताना वरचे थर छताप्रमाणे उचलून धरतो, हे त्यात दाखवले होते. नद्या डोंगर कसे झिजवतात यावरचे त्यातले प्रकरण आजही वाचले जाते. पण त्यांचे खरे मोठे काम त्याच राज्यात, थोडे उत्तरेला त्यांची वाट पाहत होते.

युटामधल्या सॉल्ट लेक सिटी शहराभोवतीचे डोंगर पाहिले तर उतारांवर आडव्या रेषा दिसतात. एकीवर एक, मैलोन् मैल, डोंगराची प्रत्येक सोंड आणि प्रत्येक घळ वळसा घालून गेलेल्या. सर्वांत वरची रेषा आजच्या खाऱ्या सरोवराच्या पाण्यापासून सुमारे हजार फूट उंच आहे. इथे पूर्वी मोठे पाणी असावे, हे गिल्बर्ट यांच्या आधीच्या प्रवाशांनीही ताडले होते. पण ताडणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. या नाहीशा झालेल्या सरोवराला गिल्बर्ट यांनी बॉनव्हिल असे नाव दिले. १८७९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झाले. त्याच्या पहिल्या मोजक्या भूवैज्ञानिकांपैकी ते एक होते, आणि बॉनव्हिलचा अभ्यास हेच त्यांचे काम ठरले.

ते कसे चालले हे पाहण्यासारखे आहे. रेषा दिसली की ती किनारा असे ते मानत नसत. नदीच्या काठचा जुना टप्पा दुरून किनाऱ्यासारखाच दिसतो. पण तो नदीबरोबर उतरत जातो, किनारा सपाट राहतो. जमीन फाटून खचली तरी पायरी होते. पण ती सरळ रेषेत डोंगर-दरी न पाहता जाते, किनाऱ्यासारखी घळीत शिरून बाहेर येत नाही. दरड कोसळली तर तिचा ढिगारा वेडावाकडा असतो. याउलट लाटा जिथे डोंगराला धडकतात तिथे वर कडा आणि खाली सपाट ओटा तयार होतो. सुटलेली वाळू आणि गोटे लाटांबरोबर काठाकाठाने सरकतात आणि खाडीच्या तोंडाशी त्यांचे बांध पडतात. यातली एखादी खूण इतर कशाने होऊ शकेल, पण सगळ्या खुणा एकाच उंचीवर एकत्र सापडल्या तर पाण्याशिवाय दुसरे कारण उरत नाही. १८८५ मध्ये त्यांनी सरोवरकाठच्या भूरूपांवर जो प्रबंध लिहिला, त्यात ही सारी ओळखपरेड पद्धतशीर मांडली आहे.

त्यातच त्रिभुज प्रदेशाचे वर्णन आहे, जे पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. पावसाळ्यात नाला तलावात शिरतो ती जागा डोळ्यांसमोर आणावी. वाहते पाणी थबकते, त्याबरोबर जाडी वाळू आणि गोटे तोंडाशीच पडतात आणि पुढच्या उतारावरून घरंगळतात. त्यामुळे तिरके थर तयार होतात. बारीक गाळ दूर जाऊन तळाशी आडवा बसतो. तिरक्या थरांच्या माथ्यावर नाल्याचा स्वतःचा आडवा थर पसरतो. वरचा आडवा थर आणि मधले तिरके थर जिथे भेटतात, ती त्या काळच्या पाण्याची पातळी. हजारो वर्षांनी तो गाळ कापला गेला आणि त्याचा छेद दिसला, तर पाणी किती उंच होते हे पट्टी लावून सांगता येते. खरे तर नुसत्या रेषेपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का.

तळाच्या गाळातूनही त्यांनी हिशेब काढला. खाली पिवळसर चिकणमाती, वर पांढुरका चुनखडीयुक्त गाळ आणि दोहोंच्या मध्ये उघड्या जमिनीवर साचलेली जाडीभरडी खडी. म्हणजे सरोवर एकदा भरले, आटले आणि पुन्हा भरले. हिमयुगातल्या थंड, ओल्या काळांशी याचा मेळ बसत होता. दुसऱ्या खेपेला पाणी इतके चढले की उत्तरेकडच्या एका खिंडीतून ते सांडले, खिंडीतला मऊ गाळ वाहून गेला आणि प्रचंड लोंढा स्नेक नदीत कोसळला. त्यानंतर पाणी साडेतीनशेहून अधिक फूट खाली, खिंडीच्या पक्क्या खडकाशी येऊन थांबले. तिथे दुसरी ठळक रेषा आहे. मग हवा कोरडी होत गेली, पाणी वाफ होऊन उडाले आणि उरले ते आजचे खारे सरोवर आणि मिठाचे पांढरे वाळवंट.

इतके झाल्यावर एक अडचण उभी राहिली. किनारा सपाट असतो, हे त्यांच्या ओळखीचे पहिले लक्षण. पण काळजीपूर्वक मोजणी झाली तेव्हा तीच एक रेषा सगळीकडे सारख्या उंचीवर निघाली नाही. जुन्या सरोवराच्या मध्यभागी जे डोंगर तेव्हा बेट होते, त्यांच्यावरची रेषा कडेच्या डोंगरांवरच्या रेषेपेक्षा शंभर फुटांहून अधिक उंच होती. एखाद्याने मोजणीची चूक म्हणून हा फरक झाकला असता, किंवा सरोवराची कल्पनाच सोडून दिली असती. गिल्बर्ट यांनी शक्य ती सारी कारणे लिहून काढली आणि प्रत्येकातून काय निष्पन्न व्हायला हवे ते तपासले. शेवटी जे टिकले ते असे: हजार फूट खोल पाण्याचा भार एवढा होता की त्याने पृथ्वीचे कवच मधोमध दाबले गेले. पाणी गेल्यावर, उशीवरचे डोके उचलल्यावर खळगा भरून यावा तसे ते सावकाश वर आले. जिथे पाणी सर्वांत खोल तिथे उभार सर्वांत जास्त. रेषा वाकडी होती ती पाणी नसल्यामुळे नव्हे, पाणी फार असल्यामुळे. १८८६ मध्ये वैज्ञानिक पद्धत उदाहरणाने कशी शिकवावी यावर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात हेच उदाहरण घेतले होते. आज भूगर्भातला खडक किती घट्टपणे वाहतो हे मोजायला बॉनव्हिलच्या त्या वाकलेल्या रेषा वापरल्या जातात.

हे काम सलग झाले नाही. १८८१ मध्ये पॉवेल सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि त्यांनी गिल्बर्ट यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतले. डोंगरांऐवजी टेबल आले, अंदाजपत्रके आली, इतरांचे अहवाल दुरुस्त करणे आले. मित्राला नाही म्हणणे त्यांना जमले नाही, आणि यात भूविज्ञानाचे नुकसान झाले असेच म्हणावे लागेल. बॉनव्हिलचा ग्रंथ बाहेर यायला १८९० साल उजाडले. घरचे दुःख याच काळातले. १८८३ मध्ये त्यांची लहान मुलगी बेसी घटसर्पाने गेली. घशात पडदा धरून श्वास कोंडणाऱ्या या आजारावर तेव्हा औषध नव्हते. प्रतिविष उपचार दहाएक वर्षांनी आला आणि लस त्याहून पुढे. आज बाळाला पहिल्या काही महिन्यांत दिल्या जाणाऱ्या लसीत घटसर्पाची लस असते, म्हणून हा शब्दच नव्या पिढीला अनोळखी झाला आहे. त्या धक्क्यानंतर फॅनी यांची प्रकृती पुन्हा कधी नीट सावरली नाही. दोन मुलगे होते. गिल्बर्ट दुःखाविषयी फारसे बोलत नसत.

आता ती चूक. १८९१ च्या उन्हाळ्यात एका वैज्ञानिक सभेत ॲरिझोनातल्या एका विचित्र खड्ड्याची हकिकत आली. वाळवंटात सव्वा किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, भोवती उचललेल्या खडकाची कड आणि आसपास विखुरलेले आकाशातून पडलेल्या लोखंडाचे तुकडे. हा एखाद्या मोठ्या अशनीचा घाव असेल, या कल्पनेने गिल्बर्ट भारून गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिकडे पोहोचले. तपासणी त्यांनी दोन कसोट्यांवर केली. अशनी जमिनीत गाडला गेला असेल तर खड्ड्यात त्याने जागा अडवलेली असणार. म्हणजे कडेवर पडलेला माल परत खड्ड्यात घातला तर काही उरला पाहिजे. आणि एवढे लोखंड खाली असेल तर होकायंत्राची सुई हलली पाहिजे. माल मोजला, खड्डा मोजला. दोन्ही बरोबर सारखे. सुई जागची हलली नाही. स्वतःला आवडलेली कल्पना त्यांनी बाजूला ठेवली आणि जमिनीखाली कोंडलेल्या वाफेच्या स्फोटाने हा खड्डा झाला, असा निष्कर्ष दिला.

हेच त्यांनी एका व्याख्यानात सविस्तर मांडले. ते १८९६ मध्ये छापले गेले आणि त्यात लोणारचा उल्लेख आहे. ॲरिझोनातल्या खड्ड्याशी आणि लोणारशी असलेले साम्य त्यांनी नोंदवले. भारतात ते कधी आले नव्हते. वर्णने वाचून त्यांना ते जाणवले. आपल्याकडेही त्या काळी लोणार हे ज्वालामुखीचे काम, असेच मानले जाई, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात ते असल्यामुळे तसे वाटणे साहजिक होते. साम्य त्यांनी अचूक हेरले होते. दोन्ही खड्ड्यांचे कारण खरोखर एकच आहे. फक्त ते त्यांनी नुकतेच नाकारलेले कारण होते. सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने येणारा अशनी जमिनीत रुतून बसत नाही. आदळताक्षणी त्याची ऊर्जा उष्णतेत बदलते, त्याचा बहुतेक भाग वितळून आणि वाफ होऊन विखुरतो, आणि खड्डा होतो तो स्फोटाने. त्यामुळे खाली लोखंड सापडत नाही आणि मालाचा हिशेबही जुळतो. गिल्बर्ट यांची मोजमापे बरोबर होती. आघाताचे गणित त्यांच्या काळात कुणाकडेच नव्हते.

ॲरिझोनाचा खड्डा अशनीचा, हे १९६० च्या सुमारास यूजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खडकात प्रचंड दाबाखालीच बनणारी खनिजे दाखवून पक्के केले. लोणारला भारतीय आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी तळात छिद्रे पाडली. आघाताने काचेसारखी झालेली खनिजे वर आली आणि १९७३ मध्ये लोणारचाही निकाल लागला. सुमारे एक किलोमीटर ऐंशी मीटर नव्हे, तर एक किलोमीटर आठशे मीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्ट खडकात कोरलेले आहे. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसॉल्टचाच. जळगावहून अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या या सरोवराकडे मंगळाचे अभ्यासक वळतात ते यासाठी.

या चुकीला एक पुरवणी आहे. ॲरिझोनात अशनी नाकारून आलेल्या गिल्बर्ट यांनी लगेच पुढच्या वर्षी, १८९२ मध्ये, वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेच्या दुर्बिणीतून अठरा रात्री चंद्र पाहिला. चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखी नाहीत, ते आघाताने झाले आहेत, असा निष्कर्ष त्यांनी दिला, तोही बहुतेक खगोलशास्त्रज्ञ उलट मानत असताना. तो आज मान्य आहे. सरकारी पगार घेणारा भूवैज्ञानिक रात्रभर चंद्राकडे पाहत बसतो, यावर अमेरिकी संसदेत टीका झाली. त्याच सुमारास सर्वेक्षणाच्या खर्चाला मोठी कात्री लागली आणि गिल्बर्ट यांचे मुख्य भूवैज्ञानिकाचे पदही गेले. ते मात्र कारभारातून सुटल्याने थोडे मोकळेच झाले.

उत्तरायुष्यातली कामेही लहान नव्हती. १८९९ मध्ये अलास्कातल्या हिमनद्यांची पाहणी केली. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला तेव्हा ते खाडीपलीकडे बर्कली येथे होते. जमिनीला पडलेली फट त्यांनी पायी हिंडून टिपली. सोन्यासाठी डोंगर पाण्याच्या फवाऱ्यांनी धुऊन काढणाऱ्या खाणींमुळे कॅलिफोर्नियातल्या नद्या गाळाने भरल्या होत्या, शेते बुडत होती. वाहते पाणी किती उताराला किती जाडीचा गोटा हलवते, हे मोजण्यासाठी त्यांनी लाकडी पन्हळी बांधून शेकडो प्रयोग केले. मध्येच १९०९ मध्ये प्रकृती ढासळली. तरी १९१४ आणि १९१७ मध्ये दोन्ही अहवाल पुरे झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने मंगळाची छायाचित्रे येऊ लागली. १९७१-७२ मध्ये मरिनर ९ या यानाने कोरड्या नद्यांची पात्रे दाखवली; त्यांतली अनेक उत्तरेच्या सखल मैदानाकडे उतरत होती. मग एवढे पाणी गेले कुठे? १९८९ मध्ये टिमोथी पार्कर आणि सहकाऱ्यांनी व्हायकिंग यानांच्या छायाचित्रांत मैदानाच्या कडेने जाणाऱ्या रेषा ओळखल्या आणि त्या किनारे असाव्यात असे सुचवले. दहा वर्षांनी लेसर किरणांनी मंगळाची उंची मोजली गेली. आतली रेषा बऱ्यापैकी एका पातळीवर निघाली. बाहेरची, जुनी रेषा मात्र काही ठिकाणी दोन किलोमीटरहून अधिक वरखाली होती. त्याच वर्षी जवळून घेतलेल्या छायाचित्रांत कडे, ओटे, बांध यांपैकी काहीच स्पष्ट सापडत नाही, असेही इतरांनी दाखवून दिले. गिल्बर्ट यांच्या ओळखपरेडीत ही रेषा नापास होत होती.

किनारा सपाट हवा, हा जसा त्यांचाच नियम, तसा किनारा नंतर वाकू शकतो, हाही त्यांचाच. २००७ मध्ये टेलर पेरॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मंगळाचा भ्रमणअक्ष कवचाच्या तुलनेत सरकला असेल तर रेषा अशाच लांबवर वरखाली होतील. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने थार्सिस या अवाढव्य ज्वालामुखी फुगवट्याकडे बोट दाखवले. महासागर त्याच्या आधी किंवा तो वाढत असताना असेल, तर त्याच्या वजनाने किनारे वाकणारच. बॉनव्हिलमध्ये पाण्याच्या भाराने कवच वाकले, इथे खडकाच्या भाराने. विरोधकांचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे: वेगवेगळ्या अभ्यासकांनी आखलेल्या रेषा एकमेकांशीच जुळत नसतील, तर वाकलेली कोणती समजायची?

म्हणून आता भर गाळावर आहे. २०२१ मध्ये पर्सिव्हिअरन्स ही गाडी जेझेरो विवरात उतरली आणि एका टेकाडाच्या उघड्या छेदात तिला वर आडवे, मध्ये तिरके, खाली आडवे असे थर दिसले. गिल्बर्ट यांनी युटात रेखाटले होते तसेच. त्यावरून तिथल्या सरोवराची पातळी आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे १०० मीटर खाली होती, हे कळले. अर्थात जेझेरो हे सरोवर होते, महासागर नव्हे. महासागराच्या मानल्या गेलेल्या काठाजवळ, उत्तरेच्या युटोपिया मैदानात, चीनची जुरोंग ही गाडी उतरली. जमिनीत शिरणाऱ्या रडारने तिने १० ते ३५ मीटर खोलीवर उत्तरेकडे, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला, उतरत गेलेले थर टिपले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते लाटांनी रचलेल्या पुळणीचे थर असावेत, असे म्हटले आहे. वारा आणि नदी यांनीही तिरके थर होतात. ती कारणे एकेक करून तपासावी लागली आणि वाद अजून मिटलेला नाही.

त्याआधी २००४ मध्ये स्पिरिट ही गाडी मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरली होती. तिथे जुन्या सरोवराचा गाळ सापडेल या आशेने भोवतालच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या आटलेल्या सरोवरांची नावे दिली गेली. त्यांतल्या एकाचे नाव बॉनव्हिल. गाडी त्याच्या काठावर पोहोचली तेव्हा समोर होता नुसता बेसॉल्ट.

गिल्बर्ट शेवटच्या वर्षांतही पश्चिमेच्या डोंगरांत काम करत होते. वनस्पतिशास्त्रज्ञ ॲलिस ईस्टवुड यांच्याशी त्यांचा जुना स्नेह होता आणि दोघांनी लग्न करायचे ठरवले होते. १९१८ च्या वसंतात ते कॅलिफोर्नियाला निघाले आणि वाटेत बहिणीकडे जॅक्सनला थांबले. तरुणपणी मास्तरकी सोडून निघून गेले होते तेच हे गाव. तिथे आजार बळावला आणि १ मे रोजी, पंचाहत्तरी पाच दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. मंगळावर त्यांच्या नावाचे एक विवर आहे. ते दक्षिण ध्रुवाकडच्या उंच प्रदेशात आहे, उत्तरेकडच्या त्या वादग्रस्त किनाऱ्यापासून फार लांब.